उशिराचा हिरवा दिवा

नवं ग्राफिक्स कार्ड कॅबिनेटमध्ये बसेना. अंगठ्याच्या रुंदीएवढं लांब होत होतं. मी ते तिरकं करून पाहिलं, मागून ढकललं, पुढून ओढलं. शेवटी हार्डडिस्कच्या पिंजऱ्याला टेकून ते अडलं ते अडलंच.

"मिस्टर साठे, माप घेतलं होतं ना?" माझ्या डोक्यावरून आवाज आला. मी जमिनीवर गुडघे टेकून बसलो होतो आणि प्लांट हेड शंकरनारायणन सार हाताची घडी घालून उभे होते.

माप घेतलं होतं. चांगलं टेप लावून घेतलं होतं. फक्त ते माझ्या ऑफिसातल्या कॅबिनेटचं घेतलं होतं. दोन्ही कॅबिनेटं बाहेरून सारखी दिसतात, म्हणून आतूनही सारखीच असतील असं मी धरून चाललो. हे त्यांना सांगण्याऐवजी मी म्हणालो, "सार, हे मॉडेल जरा वेगळं निघालं."

"कुठलं? आमचं की तुमचं?"

मागे उभ्या असलेल्या महेश्वरी अक्कांनी तोंडावर ओढणी धरली. त्या मशीनवर त्याच काम करतात.

मी चेन्नईत लहानमोठ्या कारखान्यांचे कॉम्प्युटर सांभाळतो. मूळचा सांगलीचा, पण आता इथल्यासारखं 'सर'ला 'सार' म्हणायला शिकलोय. घर वेलचेरीला, ऑफिस अड्यारला. ऑफिस म्हणजे एक खोली आणि तिच्यात मीच. माझी बरीचशी गिऱ्हाइकं इरुंगाट्टुकोट्टैच्या इंडस्ट्रियल पार्कमध्ये आहेत. हा कारखाना त्यातलाच एक. इथे ब्रेकचा एक भाग बनतो. तळहाताएवढी ओतीव लोखंडाची ब्रॅकेट. गाडी थांबवताना सगळा जोर तिच्यावर येतो. ओतताना कधीमधी तिच्यात केसासारखा बारीक तडा राहतो. तो नुसत्या डोळ्यांना सहसा दिसत नाही. म्हणून सरकत्या पट्ट्यावर एक कॅमेरा बसवलाय. प्रत्येक ब्रॅकेटचा फोटो निघतो, कॉम्प्युटर तो तपासतो. ठीक असेल तर हिरवा दिवा, नसेल तर लाल. लाल लागला की एक दांडा येऊन तो तुकडा बाजूच्या पेटीत ढकलतो.

ह्या कॉम्प्युटरमध्ये फोटो तपासायचं काम ग्राफिक्स कार्ड करतं. माझा मुलगा घरी ज्यावर गेम खेळतो, तीच जात. पडद्यावर चित्र काढण्यासाठी बनलेली वस्तू, पण असंख्य छोटी गणितं एकदम करते म्हणून फोटोत तडा शोधायलाही चालते. इथलं कार्ड जुनं होतं. इतकं, की बनवणाऱ्या कंपनीने त्याचे ड्रायव्हर काढणंही बंद केलं होतं. ड्रायव्हर म्हणजे कार्ड आणि कॉम्प्युटर यांच्यातला दुभाष्या. दुभाष्या मिळेनासा झाला की आमच्या धंद्यात त्या वस्तूला म्हातारी म्हणतात.

आयुध पूजा, म्हणजे आपली खंडेनवमी, होऊन काही दिवस झाले असतील. शंकरनारायणन सारांचा फोन आला. स्क्रीनवर फोटो अडखळत येतात म्हणे. "एका शब्दात सांगा. हे कार्ड अजून वापरण्याच्या लायकीचं आहे की नाही?"

मी न बघता एका शब्दात सांगितलं, "नाही."

आणि आता त्या एका शब्दाचं लांबलचक कार्ड माझ्या मांडीवर होतं, लाइन बंद होती, आणि संध्याकाळी माल घेऊन ट्रक जायचा होता.

"जुनंच परत लावा," सार म्हणाले. "लाइन चालू करा. मग बघू."

जुनं कार्ड मी काढून पिशवीत टाकलं होतं. तसंच बाहेर काढलं आणि परत खोचलं. दोन वेळा हातात आलं, पण एकदाही उलटं करून पाहिलं नाही. मनात त्याला भंगारात काढून झालं होतं, आणि भंगाराकडे कोण निरखून बघतं?

मशीन सुरू झालं. महेश्वरी अक्कांनी कपाटातून मास्टर पीस आणला. हा म्हणजे तडा गेलेला, मुद्दाम जपून ठेवलेला तुकडा. रोज शिफ्ट सुरू होताना तो कॅमेऱ्याखालून सोडतात. लाल दिवा लागला की मशीनची नजर ठीक आहे, आता कामाला लागा. त्यांनी तो पट्ट्यावर ठेवला. लाल.

"बघा," शंकरनारायणन सार म्हणाले, "तुमच्यापेक्षा ते बरं."

जेवायला राव सार मला घेऊन गेले. गोविंद राव, कारखान्याचे क्वालिटी हेड. तंजावरकडचे मराठी. त्यांच्या घराण्यात मराठी इतक्या पिढ्या तमिळच्या शेजारी राहिली आहे की ते बोलायला लागले की मला कुणीतरी जुनं पत्र वाचून दाखवतंय असं वाटतं. माझी पुस्तकी मराठी ऐकून त्यांनाही बहुधा रेडिओ ऐकल्यासारखं वाटत असावं.

"साठे, वाईट वाटूं देऊं नका," सांबार वाढून घेत ते म्हणाले. "सार बोलतात, पण मनांत कांहीं नाहीं ठेवीत."

"राव सार, माझंच चुकलं. माप घ्यायला यायला हवं होतं."

"आलां असतां तर इथें जेवण दोनदां झालें असतें. इतकेंच."

जेवण झाल्यावर मला जरा हुरूप आला. आपण अगदीच टाकाऊ नाही हे दाखवावं असं वाटलं. परत लाइनवर गेलो तर शंकरनारायणन सार तिथेच होते. पट्टा चालू होता, तुकडे सरकत होते, हिरवा, हिरवा, हिरवा. मी म्हणालो, "सार, नवं कॅबिनेट येईपर्यंत हे कार्ड आरामात काम देईल. हे बघा." आणि मास्टर पीस उचलून मधेच पट्ट्यावर ठेवला.

तो कॅमेऱ्याखालून गेला. हिरवा दिवा लागला.

मला वाटलं, मी उलटा ठेवला. पुढे जाऊन पकडला, परत ठेवला. हिरवा.

महेश्वरी अक्कांनी तुकडा माझ्या हातातून घेतला, ओढणीने पुसला आणि स्वतःच्या हाताने नीट मधोमध ठेवला. हिरवा.

राव सारांनी हात वर करून पट्टा थांबवला.

आता मी कार्ड काढलं ते उलटं करूनच. कार्डाचा पंखा खालच्या बाजूला असतो. त्या पंख्याच्या दांड्याला केळीच्या सोपटाचा दोरा गुंडाळला होता, करकचून. दोऱ्यात झेंडूची एक वाळलेली पाकळी अडकली होती. पंख्याच्या मागच्या जाळीत विभूती भरली होती आणि तिच्यावर चंदनाचा लेप सुकून टणक झाला होता.

तमिळनाडूतल्या कारखान्यात आयुध पूजेला प्रत्येक यंत्र धुऊनपुसून त्याला चंदनाचा ठिपका आणि कुंकू लावतात, विभूतीचे पट्टे ओढतात, हार घालतात. लेथला, ट्रॉलीला, वजनकाट्याला. मी स्वतः माझ्या स्क्रूड्रायव्हरच्या पेटीला लावतो. ह्या कॉम्प्युटरची बाजूची पत्र्याची झडप उन्हाळ्यात गरम होतं म्हणून कधीतरी काढून ठेवली होती, ती परत कुणी लावली नव्हती. हार आत लोंबत राहिला असणार आणि पंख्याने तो ओढून घेतला.

महेश्वरी अक्कांचा चेहरा उतरला. "सार, मीच घातला," त्या तमिळमध्ये म्हणाल्या. "सगळ्या लाइनचा डोळा आहे ना तो. म्हणून त्याला मोठा हार घेतला होता."

"अक्का, झडप उघडी होती," मी म्हणालो. "ती बघायचं काम माझं."

पुढचं सोपं करून सांगतो. पंखा बंद, म्हणून कार्ड तापतं. तापलं की ते जळू नये म्हणून आपणच आपला वेग कमी करतं. आम्ही ह्याला थ्रॉटलिंग म्हणतो. माणूस उन्हात हळू चालतो तसं. वेग कमी झाला की फोटो तपासायला उशीर होतो. पण पट्टा काही थांबत नाही. मग तपासणीचं उत्तर येण्याआधीच तुकडा दांड्यापाशी पोचला तर काय करायचं? त्यासाठी सॉफ्टवेअरमध्ये एक सेटिंग असतं, टाइमआउट. इतका वेळ वाट बघ, आणि तरी उत्तर आलं नाही तर पुढे काय करायचं ते आधीच ठरवून ठेवायचं.

मी ते सेटिंग उघडलं. तिथे ठरवून ठेवलं होतं: उत्तर आलं नाही, तर हिरवा.

हे कधी ठरवलं, कुणी ठरवलं, कुणालाच आठवत नव्हतं. मशीन बसवणारी कंपनी कधीच बंद झाली होती. लाइन उगाच थांबू नये म्हणून कुणीतरी ठेवलं असेल. इतकी वर्षं ते कामालाच आलं नाही, कारण कार्डाने कधी उशीर केला नाही. आणि मास्टर पीस सोडायचा तो सकाळी, शिफ्टच्या सुरुवातीला, कार्ड गार असताना. तेव्हा लाल दिवा बरोबर लागायचा. म्हणजे आम्ही रोज मशीनची परीक्षा घ्यायचो ती त्याची झोप झाल्याबरोबर. नंतर दिवसभर ते आंधळेपणाने हिरवे दिवे लावत होतं.

फोटो अडखळतायत ही तक्रार खरी होती. अडखळणं हे एवढं एकच लक्षण बाहेर दिसत होतं. आणि माझं माप बरोबर निघालं असतं तर नवं कार्ड बसलं असतं, फोटो सुरळीत झाले असते, जुनं कार्ड दोऱ्यासकट भंगारात गेलं असतं. पूजेपासून किती तुकडे न तपासता गेले हे कुणाला कधी कळलंही नसतं.

आम्ही तिघं राव सारांच्या काचेच्या केबिनमध्ये बसलो.

"सॉफ्टवेअर फक्त लाल झालेल्यांचे फोटो ठेवतं," मी सांगितलं. "हिरव्यातला कुठला पाहिला आणि कुठला न पाहता सोडला, ते सांगता येणार नाही."

शंकरनारायणन सार खिडकीबाहेर ट्रककडे बघत होते. मग शांतपणे म्हणाले, "आज जो माल इथे आहे, तो थांबवू. हाताने तपासू. कार्ड बदलू. पण गेला तो गेला. ओतकाम आपलं चांगलं आहे. तडा क्वचित निघतो. आजवर एक तरी तक्रार आली का?"

"आलेली नाही," राव सार म्हणाले.

"मग? आता फोन करून सांगायचं की आमचा कॅमेरा झोपला होता? ते आपला माल बंद करतील, राव. बाहेर लाइनवर उभ्या आहेत त्या सगळ्या बायकांना मी काय सांगू? तुमची सही आहे प्रत्येक लॉटवर. पहिला जाब तुम्हालाच विचारतील."

ते चिडून बोलत नव्हते. मला त्यांचा राग येईना, ह्याचंच मला जास्त वाईट वाटत होतं. ते माझ्याकडे वळले. "मिस्टर साठे, तुमच्या रिपोर्टमध्ये लिहा, ग्राफिक्स कार्ड आउटडेटेड, बदललं. तुम्हीच म्हणाला होतात ना फोनवर?"

म्हणालो होतो. त्या वाक्यात खोटं काहीच नव्हतं. कार्ड आउटडेटेड होतंच. शिवाय नवं कार्ड मीच विकणार होतो. इतकं सरळ, इतकं सोयीचं वाक्य धंद्यात मला कुणी फुकट दिलं नव्हतं. खरं सांगतो, ते माझ्या जिभेपर्यंत आलं होतं.

राव सारांनी मराठीत विचारलं. कदाचित मुद्दाम. "साठे, एक सांगा. पूजेपासून कार्डानें पाहिलें, कीं नाहीं पाहिलें?"

शंकरनारायणन सारांना मराठी येत नाही. पण प्रश्न काय आहे हे त्यांना कळलं असावं. ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले.

मी इंग्रजीत उत्तर दिलं, दोघांना कळावं म्हणून. "नाही पाहिलं, सार. कार्ड जुनं आहे हे खरं. पण जुनं आहे म्हणून हे झालं नाही. मला तसं लिहिता येणार नाही."

बोलून झाल्यावर मुलाच्या कॉलेजची फी, घराचा हप्ता, सगळं एकदम आठवलं. धीट माणसांना असल्या वेळी काय आठवतं मला माहीत नाही.

राव सारांनी टेबलावरचा फोन उचलला.

"राव, एक मिनिट," शंकरनारायणन सार म्हणाले. "घरी विचारा तरी."

"घरी विचारलं तर नाहीच म्हणतील, सार," राव सार तमिळमध्ये म्हणाले, "म्हणून आधी करतो." आणि नंबर लावला. पलीकडे ह्या ब्रॅकेट घेणाऱ्या मोठ्या वाहन कंपनीचा क्वालिटीचा माणूस होता. राव सार हळू, स्पष्ट बोलले. "आमचा कॅमेरा बघत नव्हता. पूजेनंतर आलेला आमचा माल लाइनला लावू नका. लावला असेल तर त्या गाड्या यार्डाबाहेर सोडू नका. नाही, शंका नाही, खात्री आहे. हो, मीच सांगतोय. लेखीही पाठवतो."

पलीकडून बराच वेळ बोलणं चाललं होतं. आम्हाला शब्द ऐकू येत नव्हते, आवाज चढलेला कळत होता. राव सार "सरी, सरी", म्हणजे बरं, बरं, म्हणत उभे होते. कधी उभे राहिले हे त्यांना स्वतःलाही कळलं नसावं.

गाड्यांना न लागलेला माल परत आला. सगळा. कारखान्यातल्या प्रत्येक माणसाने तो भिंगाखाली धरून तपासला. टेबलं टाकली, दिवे लावले, ऑफिसातली माणसंही बसली. शंकरनारायणन सारही बसले, शर्टाच्या बाह्या दुमडून. मी एका कोपऱ्यात बसलो. मला तडा आणि ओरखडा यातला फरक कळत नाही असं लक्षात आल्यावर अक्कांनी मला पेट्या उचलायच्या कामावर घातलं.

तडा गेलेला तुकडा सापडला. तो महेश्वरी अक्कांनाच सापडला. त्यांनी तो दिव्याखाली फिरवून फिरवून पाहिला आणि काही न बोलता राव सारांपुढे ठेवला. केसासारखी रेघ. बोटाला लागतही नव्हती. तो गिऱ्हाइकाच्या गोदामातून परत आला होता. गाडीला लागायचा राहिला होता, इतकंच. आमचा माल लागलेल्या गाड्या अजून यार्डातच होत्या; त्या त्यांनी तपासल्या, त्यात काही निघालं नाही. शंकरनारायणन सारांनी तो तुकडा हातात घेतला, बराच वेळ धरला, आणि परत ठेवला. त्या दिवशी कुणी चहा मागितला नाही.

जुनं कार्ड मी दोरा कापून, जाळी ब्रशने साफ करून, आतली सुकलेली पेस्ट बदलून परत लावलं. झडप स्क्रूने बंद केली. सेटिंग उलटं केलं. उत्तर वेळेत आलं नाही तर लाल. मग मशीन भरपूर चालू ठेवलं, चांगलं तापू दिलं आणि मास्टर पीस सोडला. लाल. पुन्हा सोडला. लाल. ते कार्ड आजही तिथेच आहे. त्या कामाला ते पुरतं. नवं कार्ड माझ्या ऑफिसात आहे. माझ्या कॅबिनेटमध्ये ते छान बसतं.

बाकीचं इतकं छान बसलं नाही. गिऱ्हाइकाने माल बंद केला नाही, पण कारखान्याला नजरेखाली ठेवलं. बराच काळ प्रत्येक तुकडा हातानेही तपासून द्यावा लागला. राव सारांना क्वालिटीवरून हलवून स्टोअर्सला दिलं. कुणीतरी जबाबदार दिसायला लागतं. मी भेटायला गेलो तेव्हा ते खोक्यांच्या रांगांमधल्या टेबलाशी बसले होते. म्हणाले, "इथें पंखा मोठा आहे. बसा कीं." ते हसले, मीही हसलो. दोघांनाही ते फारसं जमलं नाही. माझं कंत्राट शंकरनारायणन सारांनी चालू ठेवलं. बोलतात मात्र कामापुरतंच.

आता कुणी मला विचारलं की हे जुनं कार्ड वापरण्याच्या लायकीचं आहे का, तर मी एका शब्दात उत्तर देत नाही. आधी जाऊन ते उलटं करून बघतो. मग विचारतो, ह्याने उशीर केला तर तुम्ही काय धरून चालता? आणि त्याची परीक्षा ते दमलेलं असताना घेतो. त्या कारखान्यात मास्टर पीस आता सकाळी सोडतातच, शिवाय जेवणानंतरही सोडतात.

घरी मी हे सगळं बायकोला, माधवीला, सांगितलं. जेवण झालं होतं, मी भात दोनदा वाढून घेतला होता. ती राव सारांचं ऐकून म्हणाली, "त्यांच्या घरच्यांना एकदा जेवायला बोलवू." मग ताटं उचलताना मधेच थांबली.

"अहो," ती म्हणाली, "तुमची शुगर आपण दर वेळी सकाळी उपाशीपोटीच का तपासतो?"